देवाला सोडलेला पाणलावा

उंबरमाळीच्या डोंगराखालच्या ठाकरवाडीत धाऊ राहतो. उंची पाच फूट, त्यातला दीड फूट नुसता राग. हा राग त्याने दहा वर्षं इतक्या निगुतीने टिकवला की तेवढं कुणी लोणचंही टिकवत नाही.

लोणच्याला बरणी लागते. धाऊच्या रागाला सुतळी होती. घराच्या मधल्या मेढीला, म्हणजे खांबाला, ती टांगलेली असे आणि दर कार्तिकात, भात कापून झालं की, धाऊ तिला एक गाठ मारी. मी वाडीच्या शाळेत मास्तर. पहिल्यांदा ती सुतळी पाहून मला वाटलं, नवसाची असेल.

"नवस कसला?" धाऊची बायको लहानी म्हणाली. "त्या कमळाकर गार्डाचा सूड हाय तो. तो तिकडं मस्त ढेकर देतंय, अन् हा हितं गाठी मारतंय!"

"देऊंदे ढेकर," धाऊ म्हणाला. "एक दिस घशात अडकल."

प्रकरण १९९४ सालचं. धाऊकडे बापाने वळलेले साठ फासे होते. पाखरं धरायचे हे फासे घोड्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. मांडीवर केस वळायचा, त्याचा सरकता फास करायचा आणि असे वीस-वीस फास एका दोरीला बांधून ती चिखलात खुंट्यांनी ताणायची. धाऊच्या बापाने हे केस कल्याणच्या एका टांगेवाल्याच्या घोड्याकडून मिळवले होते. म्हणजे टांगेवाल्याला विचारून. घोड्याला कुणी विचारलं नव्हतं. वाडीत फाशांना मान मोठा. दुसऱ्याचा फास तुटला तर 'चुकलो' म्हणून भागत नाही. ज्याने मोडला त्याने, धन्याच्या अंगणात बसून, स्वतःच्या मांडीवर नवा वळून द्यायचा. हा वाडीचा कायदा, आणि त्याला वकील लागत नाही.

त्या कार्तिकात कापलेल्या भातखाचरात धाऊच्या फाशात एक पाणलावा सापडला. लांब चोचीचा, पाठीवर वाळक्या गवतासारखे पट्टे. असे पाणलावे थंडीच्या तोंडाला कुठून तरी येतात आणि उन्हाळ्याआधी कुठे तरी जातात, एवढं वाडीला ठाऊक होतं. पण या पाणलाव्याच्या पायात वाळा होता. बाळाच्या पायात घालतात तसा, पांढऱ्या धातूचा, इवलासा.

धाऊने लगेच हात जोडले. देवाच्या नावाने वळू सोडतात, त्याला डाग देतात. मग तो कुणाच्याही शेतात शिरला तरी त्याला कुणी काठी लावत नाही. इथे कुणी तरी पाखरू सोडलं होतं. एवढा बारीक वाळा घडवणारा माणूस म्हणजे नवसही तसाच अवघड असणार. धाऊ फास सैल करून पाखराचा पाय हळूच सोडवू लागला, आणि नेमक्या त्याच वेळी बांधावर खाकी विजार उभी राहिली.

"पकडला!" कमळाकर गार्ड म्हणाला.

"साएब, मी सोडतंय. देवाचा हाय ह्यो. वाळा बगा पायात."

"सोडतोयस? मग धरलास कशाला?"

धाऊने पाखराचा पाय पुढे केला.

कमळाकर जंगलखात्याचा गार्ड, मुरबाडकडचा. अंगाने भरलेला, मिशी कोरलेली, अक्षर मोत्यासारखं. त्याने पाणलावा पिशवीत घातला, साठ फासे धाऊच्या गळ्यात माळेसारखे घातले आणि ऐन बाजाराच्या दिवशी त्याला कसाऱ्याच्या बाजारातून फिरवला. "चोर बघा, पाखरांचा चोर!" शेवटी चहाच्या टपरीसमोर ते फासे पेटवले. केस जळाल्याचा वास धाऊच्या नाकात जो बसला, तो बसला. बापाच्या चितेलाही असा वास नव्हता, असं तो सांगतो.

संध्याकाळी गार्डाच्या खोलीसमोर धाऊला अंगठ्यासाठी बसवून ठेवला होता. आत फोडणी चुरचुरली. मग कमळाकर काडीने दात कोरत बाहेर आला आणि त्याने कागद वाचून दाखवला: "सदर पक्षी, नग एक, पायात धातूचा वाळा, त्यावरील क्रमांक पुढीलप्रमाणे, जिवंत व सुस्थितीत निसर्गात मुक्त करण्यात आला."

वाचता वाचता त्याला छोटीशी ढेकर आली. निसर्ग बहुधा भरला होता.

"अंगठा लाव," तो म्हणाला, आणि वर स्वतःशीच, "नुसती हाडंच निघाली."

वाळा त्याने धुऊन चाव्यांच्या जुडग्यात ओवला. धाऊने कागदाची आपली प्रत घरी नेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवली, आणि मेढीला सुतळी टांगून तिला पहिली गाठ मारली. आपण सोडत होतो ते पाखरू ज्याने खाल्लं, त्याने आपल्याला चोर म्हणावं? त्याच्याच तोंडून चार माणसांत कबूल करून घ्यायचं, 'मी खाल्ला.' धाऊला हवं होतं ते एवढंच.

पुढे कमळाकरची बदली झाली आणि सूड गिऱ्हाइकाविना पडून राहिला.

दहा गाठी झाल्या त्या साली, म्हणजे २००४च्या आश्विनात, संजीवनीताई नावाच्या पक्षी-अभ्यासक बाई शाळेत आल्या. समुद्राकडच्या एका खाडीवर, राखीव जागेत, त्यांचं शिबिर होतं. उत्तरेकडून थव्यांनी येणारी चिखलपाखरं धरायची, पायात वाळा घालायचा आणि सोडायची. जाळी होती, पण उघड्या चिखलात पाखरांना ती लांबून दिसे. बाईंना फासेवाला हवा होता. मी धाऊचं नाव सांगितलं.

लहानीने कपाळावर हात मारला. "धरायचा अन् सोडायचा? मंग धरायचा कशाला गो बाय?"

"हेच," धाऊ उसळून म्हणाला, "हेच मी दहा वर्सामागं करत व्हतो! तवा चोर ठरलो, अन् आता बाय बोलवाया आली!"

शाळेला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून टिपणवही लिहायला मीही गेलो. खाडीवर पोचलो, आणि फाटकाचं कुलूप उघडायला जो माणूस आला त्याला पाहून धाऊच्या हातातली नव्याने वळलेल्या फाशांची पिशवी गळून पडली. कमळाकर! आता वनपाल झालेला, मिशी तीच, पोट नवं. कमरेला जुडगा, आणि जुडग्यात वाळा.

त्याने धाऊला ओळखलं नाही. चोर म्हणून ज्यांना फिरवलं त्यांचे चेहरे लक्षात ठेवायचे तर माणसाने झोपायचं कधी? पण धाऊला ही दुसरी चपराक बसली.

पहिले चार दिवस त्याने सूड किरकोळीत घेतला. ओहोटीला फासे लावायला जाताना कमळाकर देखरेखीला येई. धाऊ अदबीने म्हणे, "साएब, तिकडं पाय ठेवा, तिकडं चिखल घट्ट हाय." आणि साहेब कमरेपर्यंत आत. दोघांनी ओढून काढावं लागे. बूट खाडीतच राही. धरलेली पाखरं पिशवीत घालून धाऊ ती साहेबांच्या मांडीवर देई. "जिवाला जपा हां साएब." घाबरलेलं पाखरू पिशवीत काय करतं हे धाऊला माहीत होतं. साहेबांना रोज नव्याने कळे.

पण यावर मन भरेना. एका सकाळी टिलवा नावाच्या चिमुकल्या चिखलपाखराच्या पायात वाळा चढवताना ताईंनी त्याला समजावलं, की प्रत्येक वाळ्यावर आकडा असतो. दूर कुठे तरी तो सापडला आणि कुणी कळवलं, तर पाखरू कुठून कुठे गेलं ते समजतं.

"म्हंजी देवाला सोडलेला नसतो?"

"नाही हो. माणसांनीच घातलेला."

धाऊ जरा नाराज झाला. मग म्हणाला, "अन् वाळा मिळूनशान कुणी कळवलंच नाय, तर?"

"तर त्या पाखराची हकीकत अर्धीच राहते."

त्या दुपारी धाऊ तो पत्र्याचा डबा घेऊन माझ्याकडे आला. फाशांच्या पिशवीत तळाशी घालून त्याने तो आणला होता. "मास्तर, ह्या कागदात आकडा हाय का?" होता. मोत्यासारख्या अक्षरात, एकही आकडा न गाळता. मी चहाच्या निमित्ताने कमळाकरजवळ बसलो आणि जुडग्यातला वाळा वाचून आलो. तोच. हे मास्तराला शोभलं का? नसेल. पण मजा आली.

"मग आता दाखवू या ताईंना," मी म्हटलं.

"येडं का काय तुमी? पाखराच्या मागं धावून पाखरू गावतं का? ते ज्या वाटंनं चालतंय त्या वाटंवर फास ठेवायचा. मंग गप बसायचं."

कमळाकरची वाट चार दिवसांत धाऊने हेरली होती. साहेबांच्या कचेरीत भिंत कमी आणि प्रशस्तिपत्रं जास्त. वृक्षारोपणाचं, रक्तदानाचं, एक तर बहुधा दुसऱ्याच कुणाचं. धाऊने साहेबांना ऐकू जाईल असं ताईंना विचारलं, "बाय, वाळा कळवणाऱ्याला काय गावतं?"

"परदेशातून आभाराचं पत्र येतं. नावासकट, शिक्क्यासकट."

"इलायती शिक्का?" धाऊने डोळे मोठे केले, आणि गप बसला.

फास पडायला अर्धा दिवस लागला. संध्याकाळी कमळाकर जुडग्यातून वाळा सोडवत आला. "मॅडम, माझ्याकडे एक आहे. म्हटलं, ज्ञानात भर."

ताईंना एवढा आनंद झाला की त्यांनी ठरवलं, समारोपाला वरिष्ठ साहेबांसमोरच फॉर्म भरू या. धाऊ त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त जेवला.

समारोपाला खुर्च्या, हार, नारळ. खाडीवरचे मच्छीमार, गावचे लोक, मोठे साहेब. कमळाकर कडक इस्त्रीत.

"कुठे सापडला?" ताईंनी विचारलं.

"इथेच, बंधाऱ्यावर. सन दोन हजार एक. मृतावस्थेत. मला फार वाईट वाटलं."

"अजून कुणाला काही सांगायचंय?" ताईंनी सहज विचारलं. आणि धाऊ उठला. त्याने प्लास्टिक सोडून कागद ताईंच्या हातात दिला. "मोठ्यांदी वाचा, बाय."

ताईंनी वाचला. उंबरमाळी, १९९४, पाणलावा, आकडा तोच, जिवंत व सुस्थितीत निसर्गात मुक्त. खाली सही कमळाकरची.

मोठे साहेब पुढे झुकले. "म्हणजे तुम्हीच सोडलेला पक्षी सात वर्षांनी पुन्हा तुमच्याचकडे येऊन मेला?"

"योगायोग, सर," कमळाकर म्हणाला. त्याचा घाम थेट मिशीत उतरला.

"लई मायाळू पाखरू!" धाऊ म्हणाला. "साएबांना शोधत आलं. साएब, खरं सांगा. त्या सांजला आत फोडणी कशाची व्हती? अन् भायेर येऊन काय बोललात? 'नुसती हाडंच निघाली'? मी चोर म्हणून बाजारातनं फिरलो. तवा तुमी पाखराला निसर्गात सोडलात का ताटात?"

आता कमळाकरने धाऊकडे नीट पाहिलं. दहा वर्षांनी ओळख पटली. मच्छीमारणींपैकी एक जण खिदळली, मग सगळ्याच. मोठे साहेब हसले नाहीत. "कमळाकर, उत्तर द्या."

कमळाकरने इस्त्रीची बाही मिशीवरून फिरवली. मग तो पुटपुटला, "खाल्ला."

"मागं ऐकू नाय आलं," धाऊ म्हणाला.

"खाल्ला! मी खाल्ला!"

"तक्रार लिहून देतोस?" मोठ्या साहेबांनी धाऊला विचारलं.

"कागुद नको, साएब. कागदावर तो लई हुश्शार हाय. माझं साठ फासं त्यानं जाळलं. आमच्या वाडीच्या रीतीनं त्यानं वळून द्यावं."

मोठे साहेब म्हणाले, "हे कराल, की चौकशी लावू?"

कमळाकरने फासे निवडले. घोड्याचे केसही त्यानेच आणायचे होते. वरातीच्या एका घोड्याने ते कसे दिले ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की साहेब आठ दिवस उभ्याने जेवत होते. मग महिनाभर, दर रविवारी, ठाकरवाडीत धाऊच्या अंगणात इस्त्रीची विजार मांडीपर्यंत वर करून कमळाकर केस वळत बसे. अख्खी वाडी बघायला. लहानी त्याला चहा देई, पण गूळ विसरे. धाऊ मेढीला टेकून प्रत्येक फास बोटावर ओढून बघे.

"सैल हाय. उकला, परत वळा."

"अरे, हा तर घट्ट आहे!"

"पाणलाव्याला इचारून या."

साठावा फास पास झाला त्या संध्याकाळी धाऊने दहाही गाठी सोडल्या. सुतळी तेवढी ठेवली. चांगली होती, म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात शाळेच्या पत्त्यावर ताईंकडून पत्राची प्रत आली. उत्तरेकडच्या थंड देशातून. तो पाणलावा १९९४ च्या उन्हाळ्यात, पिल्लू असताना, तिथल्या दलदलीत वाळा घालून सोडला होता. म्हणजे उंबरमाळीला आला तेव्हा अवघा काही महिन्यांचा होता. पाखरू धरणाऱ्याचं नाव: धाऊ. त्याचे आभार, शिक्क्यासकट.

मी वाचून दाखवलं. पिल्लू होतं हे ऐकून धाऊने खाचराकडे वळून हात जोडले. मग त्याचा दीड फूट पुन्हा ताठ झाला.

"मास्तर, कुणी खाल्ला ते त्यानला कळवलंय ना?"

"कळवलंय. फॉर्मवर तसंच लिहिलंय."

"नाव पुरं लिवलंय ना, कमळाकर? नायतर ते लोक कमळू लिवतील. अन् आमच्या वाडीतला कमळू गरीब माणूस. त्यानं जल्मात पाणलावा खाल्ला नाय. फुकट इलायतेत बदनाम व्हायचा."