टाकीचं झाकण

वाळवंटातल्या खारग्याच्या मरूद्यानात उस्ता फरगली या मिस्त्रीचं गाड्या दुरुस्तीचं आवार होतं. तिथं गाडी शिरली की तो आधी बोनेट उघडत नसे. मागच्या बाजूला जाऊन टाकीचं झाकण काढी, वाकून पेट्रोलचा वास घेई आणि झाकण बाभळीच्या खुंटावर ठेवून देई. मग ड्रायव्हरला विचारी, "बोल, कुठं रुसली?"

जुन्या, कार्ब्युरेटरच्या, सात सवाऱ्यांच्या गाड्याच तेवढ्या त्याच्याकडे येत. नव्या गाड्यांना तो हात लावत नसे. "त्यांच्याशी बोलायला माझी जीभ वळत नाही," म्हणे. गाडीला पेट्रोल पोचत नसेल तर इतर मिस्त्री आधी कार्ब्युरेटर खोलून टेबलावर मांडत. फरगली तो शेवटी खोली. "तो बिचारा शेवटच्या घरचा," तो म्हणायचा. "नळाला पाणी नाही म्हणून माठाला का मारता? टाकीपासून वाट चालत या. चोर वाटेवरच बसलेला असतो." बायको वारल्यापासून तो आवारातच निजे, चहावर जगे, आणि दुरुस्त झालेली गाडी दाराबाहेर पडताना कधी 'झाली' म्हणत नसे. "सध्या चोर सापडलाय," एवढंच म्हणे.

खमासीनचे धुळीचे वारे नुकतेच सरले होते, तेव्हा एका सकाळी उम्म दियाब आपल्या धाकट्याला, रिफअतला, गाडीसकट घेऊन आली. दियाब तिचा थोरला. अस्यूतच्या रस्त्यावर, पठाराच्या चढावर त्याची गाडी बंद पडली होती. धूळ इतकी होती की मागून येणाऱ्या ट्रकला ती उभी असलेली दिसलीच नाही. पोरगा गेला तरी गावात तिचं नाव उम्म दियाब, दियाबची आई, हेच राहिलं. आणि आता रिफअतची गाडी त्याच चढावर बंद पडायला लागली होती.

"फरगली," ती म्हणाली, "उद्या याला सवाऱ्या घेऊन अस्यूतला जायचंय. माझ्याजवळ हा एकच उरलाय. चोर सापडेपर्यंत गाडी सोडू नकोस. हा रडला, ओरडला, तरी सोडू नकोस."

"अम्मा, मी काय लहान आहे रडायला?" रिफअत म्हणाला.

"तू गप. गाडी तुझी, पण तू माझा आहेस."

फरगलीनं नेहमीप्रमाणे झाकण खुंटावर ठेवलं आणि वाट चालायला घेतली. काचेच्या बरणीत पेट्रोल काढून उन्हात धरलं. ना गंज, ना पाणी. पंपाची नळी सोडून इंजिन फिरवायला लावलं. धार जाड, न तुटणारी. मग कार्ब्युरेटर खोलला. तरंगता डबा हलका, सुई मोकळी, छिद्रं स्वच्छ. सगळं जोडून इंजिन चालू करून ठेवलं. भर उन्हात दुपारभर ते चालत राहिलं. एकदाही खोकलं नाही.

स्टँडवरचा ड्रायव्हर बखीत चहाला आला होता. "उस्ता, उगाच घाम गाळतोयस. चढावर पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते. ओलं फडकं टाकायचं, एक सिगरेट ओढायची, की निघाली गाडी. आम्ही सगळे तेच करतो."

"तुम्ही सगळे सिगरेट ओढता म्हणून गाडी निघते," फरगली म्हणाला. "फडक्याला फुकटचं पुण्य."

"मग नजर लागली असेल. निळा मणी बांध."

"तुझ्या तोंडाला बांधू? निम्मी नजर उतरेल."

बखीत हसला. उम्म दियाब हसली नाही. "सापडला?" तिनं विचारलं.

फरगलीनं हात पुसले. "बरी आहे असं म्हणवत नाही, आणि आजारही सापडत नाही. जिथं रुसते तिथं जाऊनच बघायला हवं."

"मग मीपण येते."

रिफअतनं मान फिरवून तिच्याकडे पाहिलं. दियाबला तिथून उचलून आणल्या दिवसापासून तिनं त्या रस्त्याकडे तोंड केलं नव्हतं. लग्नाला नाही, मयताला नाही. पण ती उठली, काळी चादर डोक्यावरून नीट घेतली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. रिफअतनं खुंटावरचं झाकण उचललं, दोन्ही हातांनी घट्ट पिळून बसवलं, आणि ते निघाले.

शेतं संपली, खजुरी संपल्या. गाडी गुमान धावत होती. मागून फक्त जपमाळेचे मणी वाजत होते. चढ लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग इंजिनाचा दम उखडला, गाडीनं दोन गचके दिले आणि ती निपचित पडली.

मणी वाजायचे थांबले.

"आधी रस्त्याच्या खाली," फरगली ओरडला. दोघांनी गाडी खडीवर ढकलली. मग रिफअत पाण्याचा डबा घेऊन बोनेटकडे धावला.

"थांब! पंपाला थेंबही लावू नकोस."

"उस्ता, हात ठेववत नाही इतका तापलाय!"

"तापू दे."

फरगलीनं कार्ब्युरेटरच्या नरड्यात डोकावून रेसची तार ओढली. पेट्रोलची पिचकारी उडाली नाही. म्हणजे खालचं भांडं कोरडं. पंप तापला म्हणून, की टाकीच देत नव्हती म्हणून? तो उन्हात उभा राहिला. आवारात दुपारभर चालते आणि इथं चालत नाही, असा फरक कशाचा? त्याला तो खुंट आठवला.

तो मागे गेला. झाकण जाम बसलं होतं. जोर लावून फिरवलं, तशी तहानेल्या बैलानं एका दमात पाणी ओढावं तशी टाकीनं हवा ओढली. कितीतरी वेळ ती ओढतच होती.

"आता स्टार्टर मार."

जरा फिरून इंजिन सुरू झालं. पंप तापलेला होता तसाच होता.

फरगलीनं झाकण उलटं केलं. आत जुन्या ट्यूबचं रबर गोल कापून, पदरावर पदर ठेवून, काळ्या दोऱ्यानं बारीक शिवलेलं होतं. हवेच्या छिद्रात मेण भरलेलं होतं. खारग्यात खजुराच्या बरण्या अशाच बंद करतात.

"हे कुणी केलं?"

"मी," उम्म दियाब म्हणाली. ती गाडीतून उतरली होती. "वाळू जाऊ नये म्हणून. तूच नाही का सगळ्यांना सांगत असतोस, वाळू म्हणजे टाकीचं विष?"

"सांगतो," फरगली म्हणाला. "पण पेट्रोल जातं तितकी हवा आत यायला लागते. नाही आली तर टाकी पेट्रोल धरून ठेवते, आणि चढावर इंजिन जास्त मागतं तिथंच ते उघडं पडतं. गाडी उभी राहिली की कुठूनतरी थोडी हवा शिरते, आणि फडकंवाल्यांना वाटतं आपण बरी केली. माझ्याकडे झाकण खुंटावर असतं. तिथं ती जन्मात बंद पडली नसती."

तो झाकणाकडे बघत बोलत होता. त्यानं मान वर केली तेव्हा ती आपल्याच टाक्यांकडे बघत होती.

"दियाबच्या टाकीलाही मीच शिवलं होतं," ती म्हणाली. "मापसुद्धा हेच."

दियाबची गाडी फरगलीनं पाहिली होती. मागची बाजू पुढच्या बाकापर्यंत चेपली होती. टाकी नव्हती, झाकण नव्हतं, आणि त्या दिवशी कुणी काही उघडून बघण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "दियाबचा पंप गेला होता. आतला पडदा फाटला होता. मी स्वतः उघडून पाहिला."

न उघडलेल्या पंपाविषयी तो उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता. रिफअत त्या दिवशी त्याच्या शेजारीच उभा होता. तो खाली वाकला आणि उगाच चपलेतला खडा काढू लागला.

उम्म दियाबनं फरगलीच्या हातातून झाकण घेतलं. रबराचा टाका दातांनी तोडला, पदर सोलून काढले आणि खडीवर टाकले. छातीवरची चादरीची पिन काढली आणि छिद्रातलं मेण टोकरू लागली. रिफअत पुढं झाला, तसं तिनं कोपरानं त्याला बाजूला सारलं. मेण कणाकणानं निघालं. तिनं झाकण सूर्याकडे धरलं. छिद्रातून मोहरीएवढा उजेड आला.

"पुरे का?"

"पुरे."

"नीट बघ, फरगली. हे तरी खरं सांग."

त्यानं झाकण ओठांना लावलं. तिनं दुसऱ्या बाजूला आपला तळवा धरला. त्यानं फुंकलं.

"हवा लागली?" त्यानं विचारलं.

"लागली," ती म्हणाली, तरी तळवा तसाच धरून राहिली. "पुन्हा फुंक."