दाराचा निबंध

बाईंवर चार पानं लिहायला बसून धाकटीला तीन आठवडे झाले आणि तरी कागद कोराच. एरवी हीच शाळेतल्या पोरांना भाषा शिकवते, निबंध अर्ध्या तासात झाला पाहिजे म्हणून त्यांच्या डोक्यावर बसते. बाई पंचाहत्तरीच्या झाल्या, शाळा त्यांचा गौरव अंक काढणार, आणि पहिला लेख हिचाच हवा असं हेडमास्तरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. बाईंची लाडकी विद्यार्थिनी ना ही!

आणि ते खोटं नव्हतं. बाईंनी हिला घरी बोलावून पुस्तकं दिली, मोठ्यानं वाचायला लावलं, भीड मोडली. बाई नसत्या तर ही कुठं असती कोण जाणे. पण या सगळ्याची सुरुवात झाली नववीतल्या एका निबंधानं. 'माझे घर' या विषयावरचा तो निबंध बाईंनी भर वर्गात वाचून दाखवला होता, आणि तो हिचा नव्हताच. तो ताईचा होता. हिला ताप होता, म्हणून दहावीतल्या ताईनं लिहून दिला. हिनं तो फक्त आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवला.

ताईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे तिच्या निबंधांना बाईंनी दहापैकी चारच्या वर मार्क कधी दिले नाहीत. आई भेटायला गेली तेव्हा बाई म्हणाल्या, "थोरलीला शिवणकाम शिकवा, धाकटीला शिकू द्या." आईला बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दहावी झाल्यावर ताई मशीनवर बसली ती आजतागायत. आता तिचं स्वतःचं दुकान आहे, अर्ध्या शाळेचे गणवेश तिच्या हातचे.

शेवटी धाकटी दुकानात गेली. ताई कॉलर उसवत होती.

"ताई, निबंधाचं लिहू का गं खरं?"

"मला काय विचारतेस? लेख तुझा आहे."

"तुला बाईंचा राग येत नाही?"

"येतो. तुझाही येतो. पण शाळा सोमवारी उघडतेय आणि मला साठ शर्ट द्यायचेत. सरक, उजेड अडतोय."

धाकटीचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठून ती तडक बाईंकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बाई कितीतरी वेळ चष्म्याची काच पुसत बसल्या.

"तिचे निबंध मी नीट वाचतच नव्हते," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी तिचं अक्षर दिसलं की मार्क टाकून पान उलटायचे. चल, मला तिच्याकडे ने."

दुकानाची पायरी चढताना बाईंना धाप लागली. ताईनं मशीन थांबवलं, कपड्यांचा ढीग बाजूला केला आणि त्यांना बसायला स्टूल दिलं. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "फार चुकले मी तुझ्या बाबतीत."

"आई असताना म्हणायला हवं होतंत," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "ती जाईपर्यंत मला ढ समजत होती."

बाईंनी मान खाली घातली. धाकटीला वाटलं, झालं, आता दोघींमधलं एकही माणूस आपल्याला उरणार नाही.

ताईनं मात्र कातरी खाली ठेवली आणि जरा संकोचून विचारलं, "बाई, एक सांगाल? त्या निबंधात मी आमच्या अडकणाऱ्या दाराबद्दल लिहिलं होतं. आत यायला खांदा लागतो आणि बाहेर जायला नशीब, असं. तुम्ही वाचलंत तेव्हा त्या वाक्याला मुली हसल्या का?"

बाईंनी खूप आठवून पाहिलं. ओठ हलले, पण खोटं काही त्यांच्या तोंडून निघेना. "नाही गं आठवत," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हसल्या," धाकटी म्हणाली. "सगळा वर्ग हसला. बाईंना पुढचं वाचवेना, त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दुसऱ्यांदाही सगळ्या हसल्या."

ताईच्या चेहऱ्यावर हसू आलं. चाळिशी उलटली होती तिची, पण क्षणभर दहावीतली पोर दिसली. मग ते हसू हळूहळू गेलं.

"त्या दिवशी तू घरी आलीस," ती म्हणाली, "तेव्हा मी दारातच उभी होते. हेच विचारलं होतं तुला. तू म्हणालीस, लक्ष नव्हतं."

धाकटी खाली पडलेले दोरे गोळा करू लागली.

"एवढं एक सांगायला काय झालं होतं गं तुला?"