बिल नसलेलं एरंडेल

सोनवणे गेल्याचं मला सकाळी सव्वाआठला कारखान्याच्या वॉचमनने फोनवर सांगितलं. हृदयविकाराचा झटका, पिरंगुटच्या भाड्याच्या घरात. मी विचारलं, "लॅबची किल्ली कुणाकडे आहे?" वॉचमनने फोन ठेवून दिला. दीड महिना झाला, अजूनही तो मला नमस्कार करतो तो जरा लांबूनच. पण मला खरंच आधी किल्ली आठवली. चारच दिवसांपूर्वी मी मालकांना सांगितलं होतं की सोनवणे आपल्याला फसवताहेत. त्यांचं काम थांबवलं गेलं होतं. त्यांच्याकडून किल्ली काढून घ्यायची तेवढी राहिली होती.

विनायक सोनवणे जालन्याकडचे, रसायनशास्त्र शिकलेले. उरवड्याच्या आमच्या छोट्या कारखान्यात रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचे भाग बनतात. खरेदी आणि तपासणी माझ्याकडे. तसंच ताणलं जाणारं प्लास्टिक एरंडेलापासून करायचं, हे सोनवण्यांचं काम. दोन वर्षं त्यांच्या नमुन्याच्या पट्ट्या चिकट निघाल्या, आत बुडबुडे, वर खवट वास. मी प्रत्येक पट्टी नाकाशी धरायचे.

"मॅडम, यंत्रापेक्षा तुमचा नाकावर विश्वास."

"नाक खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलतो?"

"अजून सापडला नाहीत."

यावर ते हसायचे. एका बाबतीत मात्र मी त्यांना मानत असे. माहितीपत्रकावर 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' छापायला त्यांनी साफ नकार दिला होता. घट्ट करणारं रसायन बाहेरून येतं, ते काय झाडाला लागतं का, म्हणाले.

मग एक दिवस अचानक स्वच्छ पट्टी आली... बुडबुडा नाही, वास नाही, दुप्पट ताणली तरी सोडताच जागेवर. सगळे खूश. मी गोदामात जाऊन एरंडेलाच्या पिंपात काठी बुडवली. बॅचच्या कार्डावर याच पिंपाचा नंबर होता, आणि पिंपातलं तेल बोटभरही उतरलं नव्हतं. मग पट्टी कशाची? बाजारातलं तयार रसायन आणून आपलं म्हणून दाखवताहेत, दुसरं काय असणार... मी तोंडावर विचारलं. सोनवण्यांनी ती पट्टी खिडकीच्या गजाला टांगली होती, टोकाला छोटं पितळी वजन, आणि टोकाच्या पातळीवर भिंतीवर पेन्सिलीची खूण. "महिनाभर लोंबू दे, मॅडम. खाली आली नाही तर सगळं सांगतो." खरं सांगायला महिना कशाला लागतो? मी सरळ मालकांकडे गेले.

त्यांच्या दहाव्यानंतर गेटवर धोंडाबाई आल्या. मुठा खोऱ्यातल्या डोंगरावरच्या वाडीत राहतात. हातात झाकणाचा डबा.

"सायेब हायेत का?"

"वारले ते."

त्यांनी डबा जमिनीवर टेकवला. "आगं बया... मंग ह्ये त्याल कुनी घ्यायचं? त्यांनीच सांगितलं व्हतं परत आनायला."

"कसलं तेल?"

"एरंडाचं. बी भाजायचं, कुटायचं, पान्यात कढवायचं. वर आल्यालं काढून परत कढवायचं, पानी ऱ्हाऊ द्यायचं न्हाई. आमी पोरांना लावाया असंच काढतो. सायेब म्हनले, कुनाला बोलू नगा, आमच्या मॅडम बिगर बिलाचं काय बी घेत न्हाईत, लई कडक हायेत." मग मला वरखाली न्याहाळून, "तुमीच का त्या?"

"हो."

"वाटलंच."

तरीही मी विश्वास ठेवला नाही. स्वतः दोन पट्ट्या ओतल्या, एक पिंपातल्या तेलाची, एक डब्यातल्या. तीन दिवसांनी पिंपाची चिकट आणि बुडबुड्यांनी भरलेली, डब्याची स्वच्छ. बी भाजल्याने तेल खवट होत नव्हतं, कढवल्याने बुडबुडे आणणारं पाणी उरत नव्हतं... एवढंच गुपित. सोनवण्यांनी कार्डावर खोटा नंबर लिहिला, ही चूकच. पण त्या चुकीला माझा नियम कारण होता, आणि मी तिला फसवणूक म्हटलं. मालकांकडे जाऊन मी माझे शब्द मागे घेतले. ज्यांच्यासमोर घ्यायला हवे होते ते नव्हते.

काम पुन्हा सुरू आहे. कार्डावर मी लिहिते, 'एरंडेल : धोंडाबाईंकडचं, भाजून कढवलेलं, बिल नाही.' खिडकीत सोनवण्यांची पट्टी अजून लोंबते आहे. त्यांनी मागितलेला महिना कधीच उलटला. दर सोमवारी मी वाकून पाहते : टोक खुणेवरच आहे. खूण कुणी पुसून खाली सरकवू नये म्हणून तिच्याशेजारी मी माझी सही करून ठेवली आहे.