मुकी फेरी

ताईला आधी कोणी ओळखतच नाही. सकाळी आठला ट्रॅकवर लोक येतात, स्पोर्ट्स कारला टेकून फोटो काढतात आणि मग विचारतात, "आमचे इन्स्ट्रक्टर कुठायत?" समोर हेल्मेट काखेत धरून, घट्ट वेणी घातलेली, चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेली पंचावन्न वर्षांची बाई उभी असते. तिच्याकडे नीट बघून ते पुन्हा तेच विचारतात. एकानं तर तिच्या हातात चहाचा रिकामा कप ठेवला होता. ताईनं तो कचऱ्याच्या डब्यात टाकला, परत आली आणि म्हणाली, "चला, बसा. सीट पुढे घ्या, पाय पुरत नाहीयेत तुमचे."

ताईच्या नाकावर कायम राग असतो, असं ट्रॅकवरचे लोक म्हणतात. म्हणोत बापडे. अठरा वर्षं परक्याच्या हाती जीव देऊन शेजारच्या सीटवर बसायचं, आणि वर त्यानंच आपल्याला शहाणपण शिकवायचं, हे ज्यांनी सोसलं नाही त्यांनी तिच्या रागाची मापं काढू नयेत.

त्याआधी ती एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. तिथल्या छोट्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. नवरा शिंपी, घरातच पुढच्या खोलीत त्याचं मशीन. बायकोनं परक्या पुरुषांशेजारी गाडीत बसायचं यावर नातेवाइकांनी बरीच नाकं मुरडली. तेव्हा सासूच म्हणाली, "माझा मुलगा दिवसभर परक्या बायकांची मापं घेतो, तेव्हा कुठं होतात रे तुम्ही सगळे?" विषय तिथंच मिटला. पुढं ट्रॅकवाल्यांना शांत डोक्याचा माणूस हवा होता, आणि शांत डोक्याची ही बाई मिळाली. इथल्या गाड्यांत मात्र शेजारी ब्रेक नाही. ताईचा उजवा पाय अजूनही अडचणीच्या क्षणी रिकाम्या जागेत दाबला जातो आणि संध्याकाळी पोटरी दुखते. पाठीसाठी नवऱ्यानं जुन्या कोटाच्या अस्तराची एक गादी शिवून दिली आहे. ती गादी ताई रोज बरोबर नेते.

या गाड्यांचं इंजिन पुढं नसतं, डिकीतही नसतं. बसणाऱ्याच्या पाठीमागं, मागच्या चाकांच्या जरा पुढं, म्हणजे गाडीच्या पोटात असतं. त्यामुळं गाडी वळते झकास, बोट दाखवावं तशी. पण एक खोड आहे. भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला की मागची बाजू हलकी होते आणि सरळ पुढं यायला बघते. भरलेली बादली घेऊन वळताना मधेच थबकलं की पाणी आपल्याच पायावर येतं, तसं. आणि भीती वाटली की पाय उचलायचा हे तर माणूस आईच्या पोटातून शिकून येतो. ताईची सगळी नोकरी एवढ्या एका सवयीशी भांडण्यात गेली. दिवसातून दोनशे वेळा ती हेल्मेटमधल्या माईकवर म्हणते, "पाय राहू द्या. राहू द्या. तसाच."

ट्रॅकवर एक पद्धत आहे. गाडी एकट्यानं चालवायची किंवा शेजारी घरच्या माणसाला बसवायचं तर हेल्मेटवर हिरवी पट्टी लागते. ती इन्स्ट्रक्टरनं स्वतःच्या हातानं लावायची, आणि त्याआधी तीन मुक्या फेऱ्या घ्यायच्या. मुकी फेरी म्हणजे इन्स्ट्रक्टर हाताची घडी घालून बसणार, तोंडातून शब्द काढणार नाही. आता आपल्याला येतंय की शेजारचा बोलतोय म्हणून येतंय, हे त्या तीन फेऱ्यांत कळतं. पद्धत जुनी आहे, आणि कुणाची तरी हाडं मोडल्यावर ती सुरू झालेली आहे.

नळवाले हे ट्रॅकचं मोठं गिऱ्हाईक. त्यांचा नळ आणि शॉवर बनवायचा कारखाना, म्हणून टायर बदलणाऱ्यांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. गाडी त्यांची स्वतःची, निळी. वर्षभर दर महिन्याला येत होते आणि ताई शेजारी बसत होती. सरळ रस्त्यावर माणूस वाघ. पण पाचव्या वळणावर घोडं पेंड खायचं. हे वळण सुरुवातीला मोठं, ऐसपैस वाटतं आणि मग आत आत आवळत जातं, म्हणून इथल्या पुरुषांनी त्याला 'सासू' म्हणायला सुरुवात केली. ताई हे नाव कधीच घेत नाही. तिच्या सासूनं तिला कधी आवळलं नव्हतं. असो. तर या पाचव्या वळणावर नळवाल्यांचा पाय दरवेळी उचलला जायचा, ताई दरवेळी "राहू द्या" म्हणायची, आणि दरवेळी पुढं जाऊन ते म्हणायचे, "बघितलंत? कसं काढलं वळण." पालथ्या घड्यावर पाणी.

त्या शनिवारी ते मुलीला घेऊन आले. एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, बारीक आवाजाची. गाडीचं तिला फारसं काही नव्हतं. बाबांनी आणलं म्हणून आली होती, आणि बाबांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून तीही खूश दिसत होती.

"आज हिला शेजारी बसवणार," नळवाले म्हणाले. "मॅडम, तेवढी ती पट्टी लावून टाका."

"मुक्या फेऱ्या झाल्या नाहीत अजून," ताई म्हणाली.

"अहो वर्ष झालं. किती फेऱ्या?"

"बोलत्या. एकही मुकी नाही."

नळवाले हसले. लहान मुलानं काही मागावं आणि आपण 'नंतर हं' म्हणावं, तसं हसले. मग थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. केबिनला काच आहे, त्यामुळं आतलं दिसतं, ऐकू येत नाही. मॅनेजरनं तीनदा मान हलवली. चौथ्यांदा हलवली तेव्हा तो ड्रॉवर उघडत होता.

बाहेर येऊन त्यानं नळवाल्यांच्या हेल्मेटवर पट्टी स्वतः चिकटवली. अंगठ्यानं नीट दाबली, बुडबुडा राहू नये म्हणून. मग ताईकडं न बघता म्हणाला, "ताई, ट्रॅकचा अंदाज घ्यायला एक ओळखीची फेरी करून या यांच्याबरोबर आणि मग उतरा. मुलगी बसेल."

ताईच्या अंगाची लाही लाही झाली. पट्टी लावायचा मान गेला म्हणून नाही, तो मान घेऊन ती काय घराचं तोरण करणार होती? तिला दिसत होतं ते पाचवं वळण, आणि त्यापुढचं सातवं, जिथं घसरलेली गाडी थोपवायला रेती नाही, रस्त्याला लागून भिंतच आहे. आणि ती बारीक आवाजाची मुलगी, जिला कुणी सांगितलंही नव्हतं की तिचा बाप कुठल्या क्षणी घाबरतो.

"तुम्ही बसलात का कधी यांच्याशेजारी?" तिनं मॅनेजरला विचारलं.

"ताई, सगळ्यांसमोर नको."

"सगळ्यांसमोरच पट्टी लावलीत ना?"

"ते वर्षभर येतायत. पाच वेळा मलाच म्हणाले की बाई फार बोलते, कानाला त्रास होतो. समजून घ्या."

टायरवाला जॅक हातात धरून तिथंच उभा होता. त्यानं जमिनीकडं बघितलं. ताईच्या बाजूनं कुणीच उभं राहिलं नाही, आणि हा राग ताईला पुढं कितीतरी दिवस पुरला.

ती गाडीत बसली. गादी पाठीला लावली, खांद्यावरचे, कमरेचे, मांड्यांमधले पट्टे ओढून आवळले. ओळखीची फेरी झाली. पाचव्या वळणावर ती नेहमीसारखी "पाय राहू द्या" म्हणाली आणि पाय कसाबसा राहिला. गाडी परत आली. मुलगी हेल्मेट घालून तयार उभी होती, टायरवाल्यानं तिच्या हनुवटीखालचा पट्टा बसवून दिला होता.

मॅनेजरनं दार उघडलं. "या ताई."

"नाही," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मी उतरत नाही. तीन मुक्या फेऱ्या झाल्या की उतरेन. त्यानंतर कुणालाही बसवा."

मॅनेजर वाकला, हळू आवाजात काही बोलला, मग मोठ्या आवाजात बोलला. ताईनं हाताची घडी घातली होती. ते पट्टे सोडायचे तर तिच्या अंगाला हात लावावा लागला असता, आणि तेवढी त्याची छाती नव्हती. मुलगी गोंधळून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती. बाकीच्या गाड्यांचे लोक येऊन उभे राहिले. एकजण फोन काढून चित्रण करू लागला.

नळवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बसू दे मॅडमना," ते म्हणाले. "तीन फेऱ्या ना? दाखवतोच आता."

"माईकवर ऐकू येतंय ना माझं?" ताईनं विचारलं.

"येतंय."

"मग नीट ऐका. ही मुकी फेरी आहे. आता मी काहीही झालं तरी बोलणार नाही. तुम्हाला कळलं असं म्हणा."

"कळलं हो."

"नको असेल तर आत्ताच सांगा. कमीपणा नाही त्यात."

त्यांनी उत्तर म्हणून गाडी सोडली.

पहिलं वळण, दुसरं, तिसरं. नळवाले रागात होते, आणि रागावलेला माणूस जोरात जातो. पाठीमागं इंजिन बरगड्यांत घुमत होतं. चौथ्या वळणानंतरच्या सरळ रस्त्यावर त्यांनी नेहमीपेक्षा उशिरा ब्रेक मारला. ताईनं ते पाहिलं. अठरा वर्षांत तिनं एवढ्या वेळा ते दोन शब्द उच्चारले होते की ते आपोआप जिभेवर आले. तिनं दात आवळले. तिलाही भीती वाटत होती. नवरा संध्याकाळी मशीन बंद करून वाट बघतो, हे तिला भलत्याच वेळी आठवलं. पण पाचव्या वळणाबाहेर रेतीचा रुंद पट्टा होता, आणि जे व्हायचं ते इथंच, तिच्या अंगावर व्हावं, त्या पोरीच्या नको. सातव्या वळणावर, भिंतीपाशी, मात्र ती मुकाट बसलीच नसती, एवढं तिनं मनाशी ठरवलं होतं.

वळण सुरू झालं, मोकळं वाटलं, मग आवळू लागलं. माईकवर शांतता होती. त्या शांततेत नळवाल्यांचा श्वास अडकला आणि त्यांचा पाय उचलला गेला.

मागची बाजू पुढं आली. आभाळ, कुंपण, रस्ता, कुंपण, आभाळ. मग टायरांखाली रेती चरचरली, धूळ काचेवर चढली आणि गाडी उलट्या दिशेला तोंड करून थांबली. इंजिन बंद पडलं होतं.

नळवाल्यांचे हात अजून स्टीअरिंगवर होते, पांढरे पडलेले. त्यांनी मान वळवली. हेल्मेटच्या फटीतून त्यांचे डोळे दिसत होते, आणि त्यांत भीतीच्या वर राग चढत होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"तुम्ही बोलला का नाहीत?" ते ओरडले. "दरवेळी बोलता. आज का नाही बोललात?"

ताईच्या मानेत कळ उठली होती. ती सरळ समोर बघत होती, जिथं धूळ खाली बसत होती.

"तुमच्या मुलीनं काय सांगितलं असतं?" ती म्हणाली.

नळवाले काच खाली करायचं बटण शोधू लागले. बटण समोरच होतं, त्यांना ते सापडेना.

ओढगाडी आली. ताईला प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं, मानेभोवती जाड पट्टा बांधला आणि लोखंडी खाटेवर पडून राहायला सांगितलं. खोलीला खिडकी नव्हती. बाहेर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता, आणि पट्टा बांधणारी नर्स काही सांगेना. ताईला दुखण्यापेक्षा तेच सहन होत नव्हतं. गाडी धडधाकट होती, तिनं स्वतः पाहिलं होतं. रेती झाडून, टायर बदलून ती अर्ध्या तासात पुन्हा ट्रॅकवर जाऊ शकत होती. पट्टी हेल्मेटवर तशीच होती.

तासाभरानं मॅनेजर आला. हातात कागद होता. तो खुर्ची ओढून बसला, मग उठला, मग उभ्यानंच वाचू लागला. नळवाल्यांची तक्रार होती. इन्स्ट्रक्टरनं गाडीतून उतरायला नकार दिला. इन्स्ट्रक्टरनं धोका दिसत असूनही सूचना दिली नाही. संपूर्ण फेरीत इन्स्ट्रक्टर एक शब्दही बोलल्या नाहीत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, स्वच्छ अक्षरात, तारखेसकट.

"मला हे वर पाठवावं लागेल," तो म्हणाला. "तोवर तुम्ही छोट्या मुलांच्या गो-कार्टवर. सोमवारपासून. तुमचं काही म्हणणं असेल तर खाली लिहा."

ताईनं हात पुढं केला नाही.

"मुलीला बसवलंत?"

"अं?"

"मुलीला. बसवलंत का गाडीत?"

मॅनेजरनं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "नाही. ती विचारत होती, बाबा जायचं का. त्यांनी तिचं हेल्मेट स्वतः काढून घेतलं. घरी गेले दोघं."

ताईनं डोळे मिटले. मग उघडले.

"पेन आणा," ती म्हणाली. मान वळवता येत नव्हती, म्हणून तिनं कागद चेहऱ्यासमोर उंच धरला आणि इन्स्ट्रक्टरचं म्हणणं या शब्दांखाली लिहिलं, तक्रारीतलं सगळं खरं आहे.