मुद्देमालातली लाल कुत्री

लग्न होऊन मी नाक्यावर राहायला आले त्याच हिवाळ्यात आमच्या अंगणात दोन कुत्री बांधली गेली. ती पाळलेली नव्हती, जप्त केलेली होती.

आमचे हे जंगल खात्यात नाकेदार होते. नाकेदार म्हणजे खात्याच्या हिशेबी अगदी खालचा माणूस, पण गावाच्या लेखी तोच सरकार. मूल गावापासून आत, राखीव जंगलाच्या कडेला आमच्या दोन कौलारू खोल्या होत्या. मागे विहीर, पुढे काट्यांचं कुंपण, आणि कुंपणाबाहेर रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू. तो वर उचलल्याशिवाय लाकडं भरलेली बैलबंडी पुढे जात नसे. मी वर्धेकडची. कपाशीच्या उघड्या रानात वाढलेली. इथे दार उघडलं की समोर साग आणि ऐन, आणि दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. पहिले काही दिवस मला दुपारच्या शांततेचीच भीती वाटायची.

त्या दिवसांत धान निघून गेलं होतं आणि बांध्यांमधून लाखोळीचं कडधान्य हिरवंगार पसरलं होतं. हे दिवस सशांचे. ससा रात्रभर लाखोळी खातो आणि दिवसा बांधावरच्या गवतात दबून बसतो. गावातली माणसं सकाळी कुत्री घेऊन निघत, काठ्यांनी बांध झोडपत, आणि ससा उठला की कुत्री मागे सोडत. बापजाद्यांपासून चालत आलेलं. यात गुन्हा आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. पण कायदा होता. राखीव जंगलात परवान्याशिवाय शिकार करायची नाही. आणि जंगल कुठून सुरू होतं ते कळावं म्हणून हद्दीवर चुना फासलेले दगडी मुनारे उभे होते.

एका सकाळी हे गस्तीवरून परतले ते एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात मेलेला ससा घेऊन. दोराला एक लाल कुत्री आणि एक काळा कुत्रा. मागून गावातले एक कास्तकार शांतपणे चालत येत होते. उंच, सुकलेल्या अंगाचे, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. सारं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, आणि त्यांच्या कुत्र्यांची ख्याती शेजारच्या गावांतही होती.

“ससा माह्या बांधीतून उठला, साहेब,” भाऊ म्हणाले. “माहीच लाखोळी खाऊन राह्यला होता तो.”

“मारला कुठी?” यांनी विचारलं.

“मुनाऱ्याच्या पल्याड. आता सशाले का मुनारा समजते?”

“सशाले नाई समजत, भाऊ. तुम्हाले तं समजते.”

यांनी गावातून दोन पंच बोलावले, पंचनामा लिहिला, आणि ससा ठेवला तर नासेल म्हणून त्यांच्यासमोर विहिरीमागे पुरून टाकला. माती लोटताना पंचांचे चेहरे इतके पडले होते की कुणी घरचं माणूस गेलंय असं वाटावं. दुसऱ्या दिवशी खड्डा उकरलेला होता. हे म्हणाले, कोल्ह्याने नेला असेल. पण कोल्हा खड्डा उकरून पुन्हा माती सारखी करत नाही.

आठवड्याभरात रेंजचे, म्हणजे वनक्षेत्राचे, साहेब आले. त्यांनी भाऊंना बोलावून नीट समजावलं. चूक कबूल करा, थोडा दंड भरा, प्रकरण इथेच मिटेल, चांद्याला कोर्टात जायची गरज नाही. तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदाच म्हणत असू.

“चुकलो असतो तं भरलं असतं,” भाऊ म्हणाले. “ससा माह्या वावरातून उठला. मी चोर नाई.”

मग खटला ठरला. कुत्र्यांचं काय, असं यांनी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, झाडं चोरणाऱ्याची कुऱ्हाड जप्त होते तशी शिकाऱ्याची कुत्री जप्त. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत तुमच्या ताब्यात ठेवा.

“कुऱ्हाडीले भाकर नाई लागत,” मी आतून चुलीशी पुटपुटले. साहेबांना ऐकू गेलं नसावं. यांना गेलं. साहेब जाईपर्यंत यांनी हसू कसंबसं दाबलं, ते मी दाराच्या फटीतून पाहिलं. लग्नानंतर माझ्या बोलण्यावर ते पहिल्यांदाच हसले होते.

कुत्री मात्र खाईनात. भात घातला, भाकर चुरून घातली, ताक ओतलं. ती हुंगून तोंड फिरवत आणि गावाकडे बघत बसत. लाल कुत्री तर पाण्यालाही शिवेना. मला वाटलं, आता ही मरणार आणि आमच्या दारात मरणार.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी एक बाई येऊन उभी राहिली. माझ्या आईच्या वयाची, कमरेला आवळून नेसलेलं हिरवं लुगडं, हातात झाकलेलं गाडगं. ती भाऊंची बायको होती. आत येऊ की नको अशी घुटमळत होती.

“काय पाह्यजे, मावशी?” मी विचारलं.

“काई नाई, बाई. पेज आनली होती थोडी. लाल कुत्रीले पोट हाय. तुमाले मालूम नसंन.”

मला खरंच माहीत नव्हतं. मी दारातून यांच्याकडे पाहिलं. हे टेबलाशी लिहीत बसले होते. आरोपीने मुद्देमालाला भेटायचं नाही, असं त्यांनी भाऊंना बजावलं होतं.

“आरोपी भाऊ हायेत,” हे मान वर न करता म्हणाले. “मावशीवर कोनता खटला नाई.”

मावशी आत आली. तिने तांदळाची पेज ओंजळीत घेऊन कुत्रीच्या तोंडाशी धरली आणि कुत्री चाटू लागली. काळा कुत्रा मावशीच्या पाठीवर पाय ठेवून उभा राहिला. “हातानं दिलं का खातेत,” ती म्हणाली. “जमिनीवरचं कोनाचंही खाऊ नये, असं शिकवलं हाय आमच्या यांनी. कोनी इख घालते ना.”

मग ती रोज येऊ लागली. कुत्र्यांना भरवून झालं की ओसरीवर टेकायची. येताना लाखोळीची कोवळी भाजी खुडून आणायची, कधी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. वर्धेकडून आलेल्या मला इथलं काहीच येत नव्हतं. पत्रावळीची पानं कशी वाळवायची, जंगलातल्या कोणत्या भाजीचं शिजवल्यावर पाणी टाकून द्यायचं, पाण्याला जाताना अस्वल दिसलं तर काय करायचं, हे सगळं मला तिने शिकवलं. दुपारची ती शांतता मला त्यानंतर कधी भीतीदायक वाटली नाही.

भाऊ कधी आत आले नाहीत. पण बायको आत असताना ते रस्त्यापलीकडच्या मोहाच्या झाडाखाली विडी ओढत बसायचे. वारा तिकडून असला की कुत्री कान टवकारून कण्हायची. भाऊ दुसरीकडे तोंड करून बसायचे. यांना ते दिसायचं. अशा वेळी हे अंगणातून उठून आत जायचे.

मोहाची फुलं गळायला लागली तेव्हा लाल कुत्री व्याली. अंगणातल्या सरपणाच्या ढिगाआड चार पिल्लं. मावशीने तिच्यासाठी गूळ घालून पेज केली आणि मला तिच्याजवळ बसायला शिकवलं. पुढे तर ती मला आणि मावशीलाच पिल्लांपाशी येऊ द्यायची. हे मोठ्या अडचणीत पडले. पंचनाम्यात दोन कुत्री होती, आता सहा झाली. यांनी रेंजवर कागद पाठवला की मुद्देमालात वाढ झाली आहे, पुढे काय करावं. त्या कागदाचं उत्तर कधीच आलं नाही.

उन्हं तापायला लागल्यावर तारीख लागली. मुद्देमाल हजर करा, असा हुकूम होता. कुत्री मावशी आणि मी सोडून कुणालाच पिल्लांना हात लावू देत नाही, आणि मावशी आरोपीच्या घरची, म्हणून हे मलाही घेऊन निघाले. मनातून मला चांदा पाहायचा होता, तेही खरं. पहाटे बंडी जुंपली आणि तिच्यात आरोपी, आरोपीची बायको, नाकेदार, नाकेदारीण आणि सहा कुत्री असे सगळे एकत्र बसलो. मूलला छोट्या रेल्वेगाडीचा गार्ड कुत्र्यांना डब्यात घेईना. यांनी सरकारी कागद पुढे केला, भाऊंनी तंबाखूची चंची पुढे केली. गार्डने आम्हाला त्याच्याच डब्यात बसवलं. वाटेत मावशीने भाकरी आणि जवसाच्या चटणीची शिदोरी सोडली. यांनी आधी नको म्हटलं. मग भाऊ म्हणाले, “साहेब, पोट काई पंचनाम्यात नाई,” आणि यांनी हात पुढे केला.

कोर्ट म्हणजे काहीतरी भव्य असेल असं मला वाटलं होतं. ती एक लांबट खोली होती. आम्ही बायका दाराशी उभ्या राहिलो. मॅजिस्ट्रेट साहेब वयस्क, चष्मा नाकावर आलेला. त्यांनी यांना विचारलं, “ससा कुठून उठला ते तुम्ही पाहिलं?”

“नाही साहेब. मी पाहिलं तेव्हा कुत्री मुनाऱ्याच्या आत होती आणि ससा त्यांच्या तोंडात होता.”

“म्हणजे तो याच्या शेतातून उठला असेल?”

“असू शकते साहेब. तिथी लाखोळी होती. सशाच्या लेंड्या पन होत्या.”

सरकारी वकिलाने यांच्याकडे रागाने पाहिलं. मावशीने माझा हात धरला. तिला वाटलं, सुटले.

मग साहेबांनी भाऊंना विचारलं, “तुला काय सांगायचं आहे?”

भाऊंनी डोक्याचा दुपट्टा सोडून हातात घेतला. मग म्हणाले, “ससा माह्याच बांधीतून उठला, साहेब. ते खरं हाय. पन मुनारा मले दिसला होता. मी शिट्टी मारली असती तं कुत्रे वापस आले असते. नाई मारली. ससा जवळ आला होता, मन नाई झालं.”

खोलीत कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि सांगितलं: गुन्हा शाबीत, शिक्षा कोर्ट उठेपर्यंत कैद, कुत्री मालकाला परत.

कैद शब्द ऐकून मावशी रडायलाच लागली. कोर्टाच्या शिपायाने तिला समजावलं. “बाई, रडता काऊन? त्याईले इथीच बाकावर बसाचं हाय. साहेब घरी गेले का तुमचा मानूस सुटला.”

ती संध्याकाळपर्यंतची कैद आम्ही सर्वांनी भोगली. भाऊ आत बाकावर, आम्ही बाहेर कडुनिंबाखाली कुत्र्यांना घेऊन. शहरातली माणसं पिल्लं बघायला थांबायची. यांनी मला जवळचा किल्ल्याचा परकोट दाखवून आणला. मावशी मात्र जागची हलली नाही. अधूनमधून उठून खिडकीतून डोकवायची आणि येऊन सांगायची, “बसले हायेत.”

सुटून आले तेव्हा भाऊंचा चेहरा उजळलेला होता. लाल कुत्री त्यांच्या अंगावर झेपावली. त्यांनी तिची मान खाजवली आणि लगेच आत ऐकलेल्या खटल्यांविषयी बोलायला लागले. एकाने सख्ख्या भावाचा बैल लपवला होता. एका सासूने सुनेवर कोंबडीची फिर्याद केली होती. परतीच्या गाडीत ते वकिलांच्या नकला करून दाखवत होते आणि हे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. त्यानंतर कित्येक वर्षं गावात कुणाचं भांडण झालं की भाऊ म्हणत, मी चांद्याच्या कोर्टात दिवस काढला हाय, मले इचारा.

पिल्लांचं दूध तुटल्यावर मावशी एक लाल पिल्लू घेऊन माझ्याकडे आली. मला ते फार हवं होतं. पण यांनी घेऊ दिलं नाही. “ज्याच्यावर खटला भरला त्याच्या घरून मी काई घेनार नाई,” म्हणाले. मावशी पिल्लू पदराखाली धरून तशीच परत गेली आणि पुष्कळ दिवस आली नाही. मी यांच्याशी दोन वेळच्या जेवणापुरतंच बोलत होते. एके दिवशी मीच लाज सोडून तिच्या घरी गेले. तिने पाट मांडला.

शिकार काही थांबली नाही. गावातली तरणी पोरं दरवर्षी सापडायची, रेंजवर जायची, दंड भरून यायची. भाऊंनी बांध्यांमध्ये ससे मारणं सोडलं नाही, पण मुनारा दिसला की दोन बोटं तोंडात घालून ते अशी शिट्टी मारायचे की आमच्या ओसरीवर ऐकू यायची. शिट्टी आली की हे लिहिता लिहिता थांबायचे आणि पुन्हा लिहायला लागायचे.

पुढे आमची बदली आलापल्लीला झाली. तिथला साग आभाळाला टेकलेला, माणसं गोंडी बोलणारी, सगळं पुन्हा नव्याने शिकायचं. मुलं झाली, बिऱ्हाडं बदलली. मूलच्या रस्त्याने जाणं पुष्कळ वर्षं घडलं नाही.

एकदा मूलला उतरून बस बदलायची होती. धान गिरणीसमोर कोंड्याची धूळ उडत होती आणि त्या धुळीत उभी असलेली मावशी मला आधी ओळखूच आली नाही. तिनेच हाक मारली. भाऊ दोन पावसाळ्यांपूर्वी गेले होते. ती लेकीकडे राहत होती, गिरणीच्या मागेच. बस सुटेल म्हटलं तरी ऐकेना. घरी नेऊन बसवलं, नव्या तांदळाचा भात टाकला. भात शिजेपर्यंत आम्ही चुलीपाशी बसून होतो. ती माझ्या मुलांबद्दल विचारत होती, मी तिच्या नातवंडांबद्दल. भात वाढताना ती म्हणाली, “तुमी वाळल्या, बाई. तिकडे पोटाले नाई भेटत का?” आणि माझ्या ताटात आणखी एक मूद घातली.

बस गेली होती. दुसरी सकाळी होती. मी तिथेच राहिले.