किनार आणि आप्पांचा चाबूक

मागाच्या शेडमध्ये गुपित म्हणून काही राहत नाही. वडगावात आमचे पॉवरलूम एकदम चालू असले की नवऱ्याला "चहा घ्या" म्हणायला पण बोंबलावं लागतं, आणि ते पलीकडच्या गल्लीला ऐकू जातं! त्यामुळं आमच्या घरातलं सगळं गावभर होतं आणि तिखटमीठ लावून परत आमच्याकडंच येतं. किनारचे किस्से तर इतके साठलेत की कुणी "घोडी कशी हाय?" विचारलं की मी आधी बसून घेते.

किनार आली तेव्हा शिंगरू होती. आई लवकर गेली, म्हणून बेळगुंदीच्या माझ्या भावानं टेम्पोत घालून आणून सोडली. तांबूस अंग, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. साडीची किनारच! शेडला लागून असलेल्या खोलीत, रात्रंदिवस मागांच्या खटखटीत ती वाढली.

माझे सासरे, आप्पा, तरणेपणी घोडागाडीच्या शर्यती मारलेले. खुंटीवरचा चाबूक अजून तेल लावून ठेवलेला. तो काढून म्हणाले, "लाडानं घोडं बिघडतंय गं. दोन फटकं बसू देत."

"हिला चाबूक लागला तर मी चुलीम्होरं जाणार न्हाय."

"मग सैपाक कोण करणार?"

"तुम्ही!"

चाबूक परत खुंटीवर गेला.

*

पण किनार कुणाला हात लावू देईना. मग मी एक केलं. रोज सकाळी अंगणात तिच्याकडं पाठ करून बसायचं. बोलवायचं नाही, वळून बघायचं नाही. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "वैनी, घोडीशी भांडण झालंय काय?"

मी हट्टाला पेटले होते. ऊन येवो, थंडी वाजो, बसायचंच. एका सकाळी मानेवर गरम श्वास आला आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. मी तशीच बसून रडले.

आमचे हे दारातून बघत होते. म्हणाले, "लग्नाला एवढी वर्षं झाली, माझी कधी अशी वाट बघितली न्हाईस!"

*

किनार मोठी झाली, तिसरं लागलं आणि निपाणीचे गणूमामा आले. आप्पांचे शर्यतीतले जुने जोडीदार. त्यांनी तिचे दात बघितले, पाय चाचपले आणि म्हणाले, "आप्पा, ही शर्यतीची घोडी. हितं मागापाशी काय करणार? मला द्या."

आप्पा विचारात पडले. मी आतून ऐकत होते. निपाणीला गेली की चाबूक आलाच! हाताला लागलेली सुताची खळ न धुताच मी बाहेर आले.

"देवाचा जुना घोडा थकलाय. दसऱ्याला पालखीफुडं हिला मी चालवते. चाबूक न लावता. चालली तर ही घरात ऱ्हाईल."

"आणि बुजली तर?" आप्पा म्हणाले.

"तर मामांनी न्यावी."

"मग दसऱ्याला टेम्पो घेऊनच येतो की!" गणूमामा हसले. मला काही हसू आलं नाही. मी सरळ माळ्यावर चढले आणि खोगीर शोधायला लागले.

*

खोगीर टाकलं की किनार झटकून टाकायची. पोतं टाकलं, तेही झटकलं. मग मी विचार केला, हिला खळीचा वास लहानपणापासून ओळखीचा. शेडमधली नवी साडी घडी करून पाठीवर ठेवली. हूं की चूं नाही! मी रोज एक घडी उलगडत गेले.

एक दिवस शहापूरचे दुकानदार ऑर्डर न्यायला आले. एक पीस कमी भरला. त्यांनी खिडकीतून बघितलं, तर किनार त्यांची साडी पांघरून उभी!

"हे काय हो?"

आमचे हे अजिबात न हसता म्हणाले, "फायनल चेकिंग चाललंय."

"मग पास झाली काय साडी?"

तेवढ्यात किनारनं पदर चघळायला घेतला. हे म्हणाले, "पदर नापास!"

*

आमच्याकडं सुताच्या कांड्या भरायला येणारी शिवाक्का कन्नड बोलणारी. ती "ये बाई, ये" ऐवजी "बा व्वा, बा" म्हणून भाकरी द्यायची. झालं! किनारला "ये" कळेना, "बा" म्हटलं की हजर. आप्पा "ये, ये" करून घसा बसवून घ्यायचे.

"सीमाप्रश्न आता गोठ्यात पण आला काय?" म्हणून ते तणतणले. "मी मराठीतच बोलावणार. तिला यायचं तर येऊ दे!"

दोन-चार दिवसांनी सकाळी मी अंगण झाडायला उठले. आप्पा गुळाचा खडा हातात धरून हळूच म्हणत होते, "बा व्वा, बा."

मला बघून म्हणाले, "खोकला झालाय गं."

*

मग एकदा भर दुपारी लाईट गेली. आमचे माग बंद, गल्लीतले सगळे माग बंद. चिडीचूप. आणि किनार उधळली! दावं तोडलं, दारावर लाथा घातल्या. साप निघाला असंल म्हणून हे काठी घेऊन पळाले. मी तिच्या गळ्यात पडले. आप्पांनी खुंटीवरचा चाबूक काढला.

"आप्पा, माझी शपथ हाय!" मी ओरडले.

तेवढ्यात लाईट आली. खटाक्-खट, खटाक्-खट. किनारनं मान खाली घातली आणि डुलक्या घ्यायला लागली.

शिवाक्का म्हणाली, "अय्यो, माझं पोरगं पण असंच हुतं! माग थांबला की उठून रडायचं."

आप्पा चाबूक खुंटीला अडकवून मागाची खटखट ऐकत दारात उभे राहिले.

*

दसऱ्यासाठी मी काही बाकी ठेवलं नाही. साडीच्या घडीवर खोगीर चढवलं, हलगीवाल्यांना अंगणात बसवलं, फटाके उडवले, डीजेच्या गाडीजवळ तिला फिरवलं. किनार जांभया द्यायची!

त्या दिवशी आप्पा कमरेला चाबूक खोचून आले. "उगंच. असू दे सोबत." मागं गणूमामांचा टेम्पो.

पाठीवर खोगीर, खोगिरावर देवाची शाल, आणि माझ्या हातात ढिली दोरी. हलगी कडाडली, फटाके फुटले, डीजेनं छाती हादरली. किनार मान ताठ करून चालत होती. मी गणूमामांकडं वळून बघायला पण लागले होते.

शिवेवर पालखी थांबली. पुजाऱ्यांनी गाऱ्हाण्यासाठी हात वर केला. हलगी थांबली, डीजे थांबला. माणसं हात जोडून उभी. मागांना पूजा घालायची म्हणून गावातले माग पालखी निघतानाच बंद केलेले. कुठंच आवाज नाही.

अगं बाई! सगळे आवाज शिकवले, आणि हेच राहिलं!

किनार थरथरली. कान ताठ झाले, पुढचे पाय उचलले. माणसं मागं सरली. "बुजली, बुजली!" गणूमामा ओरडले.

आप्पांनी कमरेचा चाबूक काढला. मी आडवी आले. "आप्पा, न्हाय!"

ते माझ्या बाजूनं पुढं गेले. पंक्चरच्या बंद दुकानापाशी थांबले, चाबूक उलटा धरला आणि दांड्यानं शटर बडवायला लागले. खटाक्-खट. खटाक्-खट.

पुजाऱ्यांनी डोळे उघडले. "आप्पा, गाऱ्हाणं चाललंय!"

"चालू दे तुमचं!"

किनारचा एक कान वळला. मग दुसरा. पाय जमिनीला लागले आणि तिची हनुवटी माझ्या खांद्यावर आली.

गणूमामा आप्पांजवळ गेले. हळूच म्हणाले, "बुजली की हो. टेम्पो फुडं घेऊ काय?"

आप्पांचा हात थांबला नाही. "गणू, तुझ्या घरी माग हाय काय रं?"

"न्हाय. तंबाखू हाय."

"मग ही झोपायची कशी?"