वसुधाच्या नावाची फ्रेम

हे ज्या एका माणसाला सांगायला हवं, तिलाच सांगता येत नाही — म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. आजवर कोणाच्या कानावर घातलं नाही. सख्ख्या भावाच्याही नाही. आणि खरं सांगू? तुमच्यावरही माझा पुरता भरवसा नाहीच. स्वभावच तो. भाजीवाल्यानं तोललेले टमाटे मी घरी आणून पुन्हा तोलतो.

रिछाईच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. बाहेरून आलेला पार्ट मोजायचा, केसभर फरक असला तरी परत पाठवायचा — याचाच पगार मिळतो. घरात पडद्याचं माप असो की दाराचं, वसुधा टेप माझ्याच हातात देते. वसुधा म्हणजे माझी बायको. शहरातल्या सदर भागात एका शाळेत गणित शिकवते.

हे आधी सांगतो, कारण पुढे तुम्ही म्हणाल — चूक झाली असेल. चूक नव्हती.

चाळिशी उलटल्यावर वसुधाला सायकलचं वेड लागलं. रविवारी सकाळी सदरहून काही जण भेडाघाटला जायचे, त्यांच्यात ही. पण तिचे पाय लांब आणि धड आखूड. दुकानातली कुठलीही सायकल घेतली तरी हँडल दूर पडायचं. तासाभरात मान धरायची, बोटं बधिर व्हायची. कोणीतरी सांगितलं, पुण्याकडे एक इंजिनिअर हातानं फ्रेम बनवून देतो, आपल्या अंगाच्या मापाची. किंमत ऐकून मी खालीच बसलो. नुसती फ्रेम — चाकं वेगळी, ब्रेक वेगळे. म्हटलं, चार पाइप जोडायचे एवढे पैसे? हा उघड उघड लुटून राहिला. ती म्हणाली, पैसे माझ्या ट्यूशनचे आहेत आणि मानही माझीच आहे. विषय संपला.

मी मात्र कुरकुरत राहिलो. पण मला किमतीचं काही नव्हतं. मला त्या रविवारांचं होतं. ती परत यायची तेव्हा चेहरा कसा फुललेला असायचा — आणि तो माझ्यामुळे नसायचा. मग कोणामुळे? एकदा स्कूटर काढून मी मागे गेलोही. भेडाघाटला संगमरवरी मूर्तींच्या एका दुकानाआड उभा राहून पाहिलं. काय दिसलं? सगळे पोहे-जिलेबी खाऊन राहिले होते, आणि ही एका रिटायर्ड सुभेदाराची नक्कल करून दाखवत होती, त्याच्याच समोर. तो म्हातारा पोट धरून हसत होता. बस, एवढंच. काही सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं मला. माझ्यासमोर ती अशी कधी बोलली होती? मी जळलो. घरी येऊन झोपेचं सोंग घेतलं.

मग मापं पाठवायचा दिवस आला. भिंतीला टेकून ती उभी राहिली, अनवाणी, शाळेतल्या पोरीसारखी ताठ. मी टेप लावला. पायाचं माप खरं लिहिलं — ते खोटं असतं तर सायकलवर बसताक्षणी कळलं असतं. धड मोजलं, हात मोजले. आणि पाठवताना ते आकडे पाठवलेच नाहीत. माझे पाठवले. मनानं काही लिहिलं असतं तर कारागिराला संशय आला असता. हे तर एका खऱ्या माणसाचं माप होतं. मी तिच्याहून चार बोटं उंच, आणि ती चारही बोटं माझ्या धडात आहेत.

इंजिनिअरचा फोनही आला. म्हणाला, मॅडमची तक्रार आणि हे आकडे जुळत नाहीत, हाताचं माप परत घेता का? तेव्हा अजून वेळ होता. मी म्हटलं, साहेब, मी रोज हेच काम करतो.

फ्रेम आली. गडद निळी, वरच्या दांडीवर पांढऱ्या अक्षरांत ‘वसुधा’. तिनं नावावरून बोट फिरवलं. पुढचे दोनेक महिने ती त्या फ्रेमशी झगडली. सीट पुढे घेतली, हँडल बदललं, सगळं करून पाहिलं. मान पहिल्यापेक्षा जास्त धरायला लागली. मीच तेल चोळून द्यायचो — हो, मीच — आणि चोळता चोळता म्हणायचो, तो पुणेवाला ठग निघाला, मी सांगतच होतो. तर ती काय म्हणाली?

“त्याला काहून दोष देता? तुम्ही घेतलेलं माप काही चुकणार नाही. माझं अंगच बेढब आहे, त्याला कोण काय करणार.”

बेढब. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द तिनं स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. मी तेल चोळत राहिलो.

तिचं रविवारी जाणं बंद झालं. मला हवं होतं ते मिळालं — ती घरी, माझ्यासमोर, वह्या तपासत. बोलणं मात्र भाजी काय करू आणि गॅस संपला, एवढंच. मग एके दिवशी तीच म्हणाली, पडून राहण्यापेक्षा तुम्ही तरी चालवा. मी बसलो. अंगावर बेतून शिवलेल्या सदऱ्यासारखी बसली. बसणारच. ती दारात उभी होती. माझे स्वेटर तीच विणते, माझ्या बाहीचं माप तिला तोंडपाठ आहे. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, हँडलकडे पाहिलं. “तुम्हाला अगदी बरोबर झाली,” म्हणाली आणि आत गेली.

तिला कळलं का? तेव्हापासून मी तिचा चेहरा वाचून राहिलो. कप जरा आपटला तर वाटतं, कळलं. हसली तरी वाटतं, कळलं. विचारायची हिंमत नाही.

आता रविवारी मी जातो. त्याच लोकांबरोबर, त्याच पोह्यांवर. दांडीवरचं नाव पाहून ते चिडवतात — क्या बात है भैया, भाभीजी का नाम लिखवा के घूम रहे हो. मी हसतो. परवा एका नव्या मुलीनं विचारलं, फ्रेम पे इतना पैसा लगाना ठीक है क्या? मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, बिलकुल ठीक है. ना गर्दन दुखती है, ना हाथ सुन्न होते हैं. पैसा वसूल.

घरी आलो तेव्हा वसुधा ओला फडका घेऊन दाराशी बसली होती. दर रविवारी बसते. मी सायकल भिंतीला टेकवली. तिनं चाकांचा चिखल काढला, दांडी पुसली, नावावरची धूळ पुसली. मग एका हातानं मान दाबत उठली आणि विचारलं, पोहे खाऊन आलात की करू?

खाऊन आलो, म्हटलं.